कोल्हापूरहून सहा दिवस: विजापूर-बदामी-हंपी की वेरूळ-अजिंठा?

घरची गाडी काढून पाच-सहा दिवस लेणी, वास्तू आणि संग्रहालये पाहायला निघणाऱ्या कोल्हापूरकरापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली मिरज-अथणीवरून विजापूरला जाते आणि बदामी, हंपी करून हुबळी-बेळगावमार्गे घरी आणते. दुसरी पुण्यावरून छत्रपती संभाजीनगर गाठून वेरूळ आणि अजिंठा दाखवते. वेरूळ-अजिंठा 1983 मध्ये, हंपी 1986 मध्ये आणि पट्टदकल 1987 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा थोरवीच्या तराजूत यांना तोलण्यात अर्थ नाही. गाडीत कोण बसणार आहे आणि त्यांचा दिवस कसा जाईल, एवढ्यावरून निवड करावी.

अंतराचा हिशेब आधी पाहू. दक्षिणेची फेरी ढोबळमानाने नऊशे किलोमीटरची होते, तर उत्तरेची बाराशेच्या घरात जाते. त्याहून महत्त्वाचे असे की, दक्षिणेत हे अंतर तुकड्यातुकड्यांनी कापले जाते: विजापूरपर्यंत सुमारे 180, तेथून बदामी सव्वाशेच्या आसपास, बदामीहून पट्टदकल जेमतेम 22 आणि ऐहोळे त्याच्याच थोडे पुढे. लांब पल्ला पडतो तो हंपीहून परतताना, पाहून झाल्यावर. उत्तरेकडे मात्र पहिले लेणे दृष्टीस पडण्यापूर्वीच साडेचारशेहून अधिक किलोमीटर गाडी हाकावी लागते, वाटेत खंबाटकी घाट आणि पुण्याची गर्दी आहेच, आणि मुक्कामी पोहोचल्यावरही अजिंठ्यासाठी शंभर किलोमीटर जाऊन तेवढेच परत यावे लागते. हा पल्ला पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने किंवा वाट वाकडी करून औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाने तोडता येतो. औंधला राजा रविवर्म्याची चित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे एक शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर पाहायला मिळते, हे अजूनही पुष्कळ कोल्हापूरकरांना ठाऊक नसते.

संग्रहालयांच्या बाबतीत माझे झुकते माप दक्षिणेला आहे, कारण तेथे संग्रहालय त्या त्या स्थळालाच लागून असते. बदामीचे संग्रहालय अगस्त्य तलावाच्या काठी आहे. लाल दगडातली लेणी उतरून पाण्याच्या कडेने चालत तेथे जावे आणि लज्जागौरीची मूर्ती निवांत पाहावी. हंपीजवळच्या कमलापूरच्या संग्रहालयात संपूर्ण हंपीची दगडधोंड्यांसह केलेली प्रतिकृती आहे. बहुतेक जण ती शेवटी, दमून पाहतात. ती सर्वांत आधी पाहावी, म्हणजे नदी कोठे, विरूपाक्ष मंदिर कोठे आणि विठ्ठल मंदिर त्यापासून किती दूर, हे डोळ्यांत बसते आणि प्रत्यक्ष फिरताना पायपीट वाचते.

वेरूळ-अजिंठ्याला मूळ वास्तूच इतक्या भरगच्च आहेत की संग्रहालयाची उणीव फारशी भासत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरल्यावर सुरुवातीची दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही. डोळे मंद उजेडाला सरावले की बोधिसत्त्व पद्मपाणीचा झुकलेला चेहरा भिंतीतून हळूहळू वर येतो. ही तीन मिनिटे थांबण्याची तयारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी उत्तरेलाच जावे, कारण असे रंगकाम दक्षिणेच्या फेरीत मिळणार नाही. लहान मुलांना मात्र ते जड जाते. त्यांना विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात उभे करून भिंतीशी कुजबुजायला सांगावे, तेथे मुले हलत नाहीत. फक्त शाळांच्या सहली येण्याआधी, सकाळी लवकर वर चढावे. आपली मुले संग्रहालयात कितपत रमतात याची चाचणी घरीच घेता येते: टाऊन हॉलच्या संग्रहालयात, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या छोट्या ब्राँझमूर्तीपुढे त्यांनी दोन प्रश्न विचारले तर खुशाल लांब न्यावे.

ज्येष्ठांच्या दृष्टीने वेरूळ सोयीचे, कारण कैलास लेणे प्रवेशद्वारासमोरच आहे आणि घृष्णेश्वराचे दर्शनही होते. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूर फाट्यावरच थांबतात, पुढे बसने जावे लागते. पायऱ्या आहेत, पण डोलीही मिळते. बदामीच्या चार लेण्यांच्या पायऱ्यांना असा पर्याय नाही. तरी आमच्या आई या फेरीवर खूश होत्या, आणि त्याचे श्रेय जवळच्या बनशंकरीच्या देवळाला आणि तेथे टोपलीतून ज्वारीची भाकरी, भरले वांगे व शेंगदाण्याची चटणी विकणाऱ्या बायकांना आहे.

निघण्याचा वार मात्र नीट ठरवावा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तर विजापूर, बदामी, ऐहोळे, कमलापूर येथील पुरातत्त्व खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. आम्ही एकदा हे न पाहता निघालो आणि कुलूप पाहून परतलो. चूक सर्वस्वी आमचीच होती. दक्षिणेला शनिवारी आणि उत्तरेला बुधवारी निघाल्यास काहीच चुकत नाही.

थोडक्या रजेत केवळ अजिंठा पाहायचा असेल, तर गाडी घरीच ठेवून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला उतरावे. तेथून लेणी साठएक किलोमीटरवर आहेत. ज्यांना पुढेमागे दोन्ही फेऱ्या करायच्या आहेत त्यांनी आधी दक्षिणेला जावे. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधवले आणि वेरूळच्या कैलासाची मांडणी त्याच्याशी फार जुळते. तेथे दगडावर दगड रचून उभारलेले शिखर, नंदीमंडप आणि प्राकार डोळ्यांखालून गेलेला असला, की तशीच रचना वेरूळला एका अखंड कातळातून वरून खाली कोरत आणताना किती दगड काढून टाकावा लागला असेल, याचा अंदाज अंगणात पाऊल टाकताच येतो.