विकत घेतलेली बंदूक: लगेच हातात, की खेळून मिळवायची?

मूळ गेम खेळून झालाय, आता शस्त्रांचं डीएलसी (मूळ गेमवर वेगळं विकत मिळणारं जादा सामान) घ्यायचंय. अशा वेळी आपण किंमत पाहतो, ट्रेलर पाहतो, पण ती शस्त्रं पैसे भरताच हातात येणार की खेळून कमवावी लागणार, हे बहुतेकदा बघत नाही. (बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. तिथे बंदूक जमिनीवरून उचलायची असते, पैसे जातात ते रंगरंगोटीवर.)

दोन्ही पद्धती एकाच गेममध्ये ताडून बघायच्या असतील तर फॉलआउट न्यू व्हेगास घ्या. २७ सप्टेंबर २०११ ला त्याची दोन डीएलसी एकाच दिवशी आली. कुरियर्स स्टॅशमध्ये प्री-ऑर्डरचे चार जुने पॅक एकत्र केलेले आहेत: कॅरॅव्हान, क्लासिक, मर्सेनरी आणि ट्रायबल. गन रनर्स आर्सेनलमध्ये नव्या बंदुका, त्यांचे मॉड (बंदुकीला लावायचे जादा भाग) आणि गोळ्यांचे नवे प्रकार आहेत, पण ते सगळं दुकानदारांकडे विकायला ठेवलेलं.

कुरियर्स स्टॅश असेल तर नवा गेम सुरू करताच एकामागून एक सूचना येतात आणि सामान थेट तुमच्या पोतडीत पडतं. ग्रेनेड रायफल, शॉटगन, मॅशेटी, फेकायचे भाले, वर चार प्रकारची चिलखतं आणि जखमा भरणारे सुपर स्टिमपॅक. 'आत्ता नको, नंतर द्या' म्हणायची सोयच नाही. माझ्या मते निकाल लागतो तो इथेच. शस्त्र जोरदार आहे ही तक्रार नाही, कारण ग्रेनेड रायफल तशी काही फार कामाची नाही. ४० मिलिमीटरचे ग्रेनेड सुरुवातीला फारसे सापडत नाहीत, एक्स्प्लोझिव्ह्जचं कौशल्य कमी असेल तर नेम धड लागत नाही, आणि जवळ फुटला तर स्वतःचाच पाय निकामी होतो. खरी खोडी चिलखताची. गुडस्प्रिंग्ज या सुरुवातीच्या गावाचा सगळा भाग तुमच्याकडे काही नाही हे धरून रचलेला आहे: गावातल्या सनीने दिलेली व्हार्मिंट रायफल, विहिरीपाशी गेको (मोठाले सरडे), चेटच्या दुकानात लेदर आर्मरची किंमत बघून मोजलेल्या कॅप्स (गेममधलं चलन). अंगात मेटल आर्मर आधीच असलं की गेको अंगाला लागत नाहीत आणि चेटच्या दुकानात जायचं कारणच उरत नाही. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत शिरताच पहिल्या दुकानावर पोट भरून घेतलं तर भुट्ट्याच्या किसापर्यंत कोण पोहोचणार?

गन रनर्सची शस्त्रंही पहिल्या दिवसापासून गेममध्ये असतात. पण मधे किंमत उभी असते. चांगल्या बंदुकांना हजारो कॅप्स लागतात आणि दुकानातला माल तीन दिवसांनी बदलतो, म्हणजे हवी ती लगेच मिळेलच असं नाही. प्रगतीचा वेगळा मीटर नाही, वेगळं चलन नाही. गेममध्ये आधीच असलेल्या अर्थव्यवस्थेचाच उपयोग केलाय. मला वाटतं पैसे घेऊन शस्त्र देण्याची याहून सभ्य रीत सापडणं कठीण.

स्टॅश घेऊन बसला असाल तर पीसीवर उपाय आहे. गेमच्या लाँचरमध्ये 'डेटा फाइल्स' उघडा, कॅरॅव्हान, क्लासिक, मर्सेनरी आणि ट्रायबल या चार पॅकची टिक काढा, गन रनर्सची राहू द्या, आणि मग नवा गेम सुरू करा. हे आधीच करायचं. चालू सेव्हमधून पॅक काढला की लोड करताना इशारा येतो आणि त्या पॅकचं सामान गायब होतं.

आता दुसरी बाजू, कारण प्रगतीच्या नावाखाली लुबाडणूकही होते. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ (२०१७) मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला ६०,००० क्रेडिट्स (गेममधलं चलन) ठेवले होते. ओरड झाल्यावर ते १५,००० वर आले आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी खऱ्या पैशांची खरेदी बंद केली गेली. मुद्दा आकड्याचा नाही. जो रस्ता बांधतो तोच शॉर्टकट विकायला बसला की रस्ता लांबवण्यात त्याचा फायदा असतो. बॅटलफील्ड ३ चा त्रास वेगळा. त्याच्या बॅक टू कारकँड या डीएलसीची शस्त्रं नेमून दिलेली कामं करून उघडतात, आणि मग संघाला मेडिक हवा असताना कुणी तरी आपलं काम पुरं करायला भलतीच बंदूक घेऊन कोपऱ्यात बसतो.

ऑनलाइनमध्ये लगेच मिळणाऱ्या शस्त्राची आणखी एक अडचण आहे, ती रेनबो सिक्स सीजमध्ये दिसली. तेव्हा वर्षभराचा इयर पास विकत घेतलेल्यांना नवा ऑपरेटर (स्वतःच्या बंदुका असलेलं पात्र) सात दिवस आधी मिळायचा, बाकीच्यांना नंतर आणि तोही खेळून २५,००० रिनाउन (गेममधलं चलन) जमवून. तो आठवडा समोरच्याची बंदूक तुमच्याकडे नसायची आणि तिचा सराव करायची सोयही नसायची.

तरीही लगेचचा पर्याय काही जणांना बरा. इंदूरला भंवरकुआंच्या होस्टेलात पीएससीची तयारी करत रविवारीच खेळायला मिळत असेल, किंवा गेमिंग कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळत असाल, तर प्रगतीचा प्रत्येक तास खिशातून जातो. तिथे 'भिया, सीधे दे दो' म्हणण्यात काही चूक नाही. फक्त तो गेम मित्रांबरोबर शत्रूविरुद्ध खेळायचा असावा, एकमेकांविरुद्ध नव्हे.

आणि कॅफेतच खेळायचं, पण शस्त्र कमवायची मजाही हवी, तर हेलडायव्हर्स २ कडे बघा. वॉरबाँड (शस्त्रं-सामानाचा पॅक) बहुतेक वेळा १,००० सुपर क्रेडिट्सचा (विकत मिळणारं चलन), तो कधी संपत नाही, आणि प्रगती सर्व्हरवर असल्याने मशीन बदललं तरी जात नाही. आतली शस्त्रं खेळून मिळवलेली मेडल्स खर्चून पानापानाने उघडतात. वाटेत केप आणि बॅनर मधे मधे येतात, हा त्यातला वैताग. मेडल्स २५० च्या वर साठत नाहीत, तेव्हा वॉरबाँड घेण्याआधी ती मर्यादा गाठून ठेवा. घेतल्याबरोबर पहिली पानं उघडतात आणि एखादी बंदूक त्याच संध्याकाळी वापरायला मिळते. क्रेडिट्सही मोहिमांमध्ये दहा-दहाच्या गठ्ठ्यांत सापडतात. सोप्या पातळीवर नकाशातली छोटी ठिकाणं धुंडाळत फिरलात तर विकत घ्यायची रक्कम बरीच कमी होते.