सुखोई-३० एमकेआय: मागच्या खुर्चीचं विमान

हवाई कसरतींत सुखोई शेपटीवर उभं राहिल्यासारखं थबकतं आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्या रास्तच आहेत, पण मारा करणारं विमान म्हणून त्याची पारख करायची तर आधी त्याच्या टाक्या आणि मागची खुर्ची बघावी.

वजनाचा हिशेब घ्या. रिकामं विमान साधारण १८.४ टन, पोटातलं इंधन सुमारे ९.६ टन, शस्त्रं ८ टनांपर्यंत. बेरीज ३६ टन, आणि उड्डाणाची कमाल मर्यादा ३८.८ टन. टाक्या काठोकाठ भरून पूर्ण शस्त्रसाठा लावला तरी विमान मर्यादेत राहतं. बाहेर जादा टाक्या लटकवायची गरज नाही, त्यामुळे बाराही हार्डपॉइंट, म्हणजे पंखांखाली-पोटाखाली सामान टांगायच्या जागा, शस्त्रं आणि पॉडसाठी (उपकरणांच्या डब्यांसाठी) मोकळे. राफेलच्या आतल्या टाक्यांत याच्या निम्म्याच्या आसपास इंधन मावतं. हवेत इंधन न घेता पल्ला साधारण ३,००० किमी. नाकाच्या डावीकडे आत-बाहेर होणारी इंधननळी आहे. हवेत इंधन देणारा आयएल-७८ टँकर गाठला की प्रश्न इंधनाचा नसतो, माणसं किती तास टिकतात याचा असतो.

म्हणून दुसरा माणूस. मागची खुर्ची पुढच्यापेक्षा उंच, नियंत्रणं दोन्हीकडे. मागे वैमानिक बसू शकतो किंवा वेपन सिस्टिम ऑपरेटर, म्हणजे बोलीतला ‘विझो’. लेझर बॉम्ब टाकला की काम संपत नाही. बॉम्ब पडेपर्यंत लायटनिंग या लक्ष्यवेधी पॉडचा लेझर ठिपका लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. एकट्या वैमानिकाला त्या वेळी मान खाली घालून पडद्यात बघावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच बाहेर बघणं सर्वांत गरजेचं असतं. इथे पुढचा उडवतो, धोका हेरतो. मागचा लक्ष्य, जॅमर (शत्रूचं रडार गोंधळवणारं उपकरण) आणि रडारचा जमिनीकडचा मोड सांभाळतो. हवेतून जमिनीवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी मागे मोठा पडदा दिलेला आहे.

इंधन आणि दुसरा माणूस, या दोन गोष्टींचं चीज होतं ते ब्रह्मोस क्षेपणास्त्रामुळे. हवाई आवृत्तीचं वजन सुमारे अडीच टन. ते पोटाखाली मधोमध, एकच बसतं आणि त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागतो. म्हणून हे कोणत्याही सुखोईवर ऐनवेळी लावायचं काम नाही. सोडल्यावर क्षेपणास्त्र आधी १००-१५० मीटर नुसतं खाली येतं, मगच त्याला वेग देणारा बूस्टर पेटतो. पहिली चाचणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला २२२ स्क्वाड्रन उभं राहिलं. तिथून हिंदी महासागराचा केवढा पट्टा आवाक्यात येतो, ते नकाशावर बघा.

थ्रस्ट व्हेक्टरिंगबद्दल, म्हणजे इंजिनाचा झोत वळवून विमान फिरवण्याबद्दल, थोडक्यात. एएल-३१एफपी इंजिनांची नोझल (झोत बाहेर पडायची तोंडं) १५ अंश वर-खाली वळतात, पण वळण्याचा अक्ष ३२ अंश तिरका असल्याने दोन्ही नोझल वेगवेगळी वळवली की नाक आडवंही फिरतं. मात्र असं नाक फिरवलं की वेग झपाट्याने जातो, आणि समोर दुसरं विमान ताजं असेल तर तुम्ही आयतं सावज. शेवटच्या क्षणाची सोय एवढंच त्याचं मोल.

आता कमकुवत बाजू. एन०११एम बार्स रडार आपल्या काळात उत्तम होतं: १५ लक्ष्यांचा माग, त्यांतल्या चारांवर एकाच वेळी मारा. पण ते पॅसिव्ह आहे. सगळी शक्ती मध्यवर्ती ट्रान्समीटरमधून येते. तो बंद पडला की रडार बंद. आयसा, म्हणजे नव्या ॲक्टिव्ह प्रकारच्या रडारमध्ये शेकडो स्वतंत्र मॉड्यूल असतात, काही मेली तरी बाकीची काम रेटतात. शिवाय विमानाचं हे धूड शत्रूच्या रडारवर लांबूनच ठळक दिसतं. जॅमर पॉड लावता येतात, पण देहयष्टी काही लपत नाही.

खरं दुखणं मात्र वंगणाचं. २०१३-१४ मध्ये इंजिनं हवेत बंद पडण्याचे प्रकार वाढले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये संसदेत सांगितलेलं कारण साधं होतं: बेअरिंग घासून धातूचे कण तेलात मिसळत होते. तेलाचा दाब घटला की बेअरिंग आणखी तापतं, आणखी कण सुटतात, असं हे चक्र. तेल आणि तेलदाबासह अनेक बदल सुचवले गेले. दोन इंजिनं असल्याने एकावर परतता येतं, पण ते इंजिन उतरवून कार्यशाळेत जातं आणि विमान हँगरमध्ये तिष्ठत राहतं. कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) २०१५ च्या अहवालात उड्डाणासाठी विमानांची उपलब्धता ५५ ते ६० टक्के दिसते. अपेक्षा ७५ टक्क्यांची. सुटे भाग वेळेवर न मिळणं हेही त्यामागचं मोठं कारण. कागदावर २७२ विमानं घेतली म्हणून सकाळी तेवढी उडतील, असं कुणी धरू नये.

किंमतही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बनणाऱ्या १२ विमानांचा करार झाला; उपकरणांसह सुमारे १३,५०० कोटी रुपये. त्याआधी सप्टेंबरात कोरापुटला बनणाऱ्या २४० इंजिनांसाठी २६,००० कोटींहून अधिक. ‘सुपर सुखोई’ योजनेत पहिल्या टप्प्यात ८४ विमानांना आयसा रडार आणि नवी कॉकपिट देण्याचा बेत आहे. रडारचं दुखणं त्याने जाईल. ही २४० इंजिनं मात्र पुन्हा एएल-३१एफपीच आहेत, तेव्हा तेलाचा नमुना काढून त्यात धातूचे कण शोधण्याचं काम पुढची कित्येक वर्षं चुकणार नाही.