घरचा मीडिया सर्व्हर: रास्पबेरी पाय, एन१०० की ऑफिसातून निघालेला मिनी पीसी?

सतत १ वॅट वीज ओढणारं यंत्र वर्षाला ८.७६ युनिट खातं. जुना डेस्कटॉप काहीही न करता ५० वॅट घेत असेल, तर वर्षाचे ४३८ युनिट झाले. १० वॅटच्या छोट्या पेटीला ८८ युनिटही लागत नाहीत. म्हणून ‘घरात पडून आहे तोच वापरू’ हा पर्याय आधी वजनकाट्यावर ठेवा, मग फुकट म्हणा. आणि तुलना करताना प्रोसेसरच्या टीडीपीवर, म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने दिलेल्या वॅटच्या आकड्यावर, जाऊ नका. मीडिया सर्व्हर, म्हणजे सिनेमे साठवून घरातल्या टीव्ही-मोबाइलला पुरवणारं यंत्र, दिवसातले बहुतेक तास रिकामाच बसलेला असतो, त्यामुळे रिकामं असताना भिंतीच्या सॉकेटमधून किती वॅट जातात, हा आकडा महत्त्वाचा.

पण कोणतं यंत्र घ्यायचं हे विजेच्याही आधी एका प्रश्नावर ठरतं: तुम्हाला ट्रान्सकोडिंग, म्हणजे पाहता पाहता व्हिडिओचं रूप बदलणं, लागणार आहे का? टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हरचं काम फक्त ती वाचून पुढे पाठवण्याचं. त्याला जवळजवळ कोणतंही यंत्र पुरतं. मात्र ४के एचडीआर सिनेमा जुन्या टॅबलेटवर पाहायचा असेल, घराबाहेर मोबाइलच्या अपुऱ्या नेटवर पाहायचा असेल, किंवा चित्ररूपातली सबटायटल्स टीव्हीला कळत नसतील, तर सर्व्हरला व्हिडिओ उलगडून, बदलून, पुन्हा आवळून पाठवावा लागतो. हे काम प्रोसेसरच्या कोअरवर टाकलं तर लहान यंत्र गुडघे टेकतं आणि पंखा गरगरायला लागतो. ग्राफिक्समधल्या खास सर्किटवर टाकलं तर तेच काम थोड्या वॅटमध्ये होतं.

रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर इथेच मागे पडतो. त्यात एचईव्हीसी (४के सिनेमे आवळण्याची एक पद्धत) ४के व्हिडिओ उलगडायला हार्डवेअर आहे, पण एन्कोड करायला, म्हणजे पुन्हा आवळायला, काहीच नाही. पाय ४ मध्ये असलेलं एच.२६४ या जुन्या पद्धतीचं हार्डवेअरही पाय ५ मधून काढलेलं आहे. म्हणजे टीव्हीच्या मागे लावून कोडी हे सिनेमे दाखवणारं अॅप चालवायला तो छान, अनेकांना सिनेमे वाटून द्यायला नाही. रिकामा असताना तो ३ वॅटच्या आसपास राहतो, आणि ही त्याची खरी जमेची बाजू. डिस्क जोडताना सांभाळा: ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर असेल तर चारही यूएसबी पोर्टना मिळून १.६ अँपिअर मिळतात, नाहीतर फक्त ०.६. तेवढ्यात फिरणारी डिस्क अडखळते आणि फाइल सिस्टीम बिघडते. साडेतीन इंची डिस्कला तर स्वतःचा अडॅप्टर असलेलीच केस लागते. केस, अडॅप्टर, कूलर, एसएसडीचा हॅट (वर बसणारा जोड-बोर्ड) असं सगळं जोडून झालं की पायची किंमत मिनी पीसीच्या किती जवळ जाते, हे आधी कागदावर मांडून बघा.

इंटेल एन१०० हा छोट्या पेट्यांमधला प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला. चार कोअर, ६ वॅट टीडीपी. कोअर साधेच आहेत, पण ग्राफिक्समध्ये क्विक सिंक हे व्हिडिओचं खास सर्किट आहे: १० बिट एचईव्हीसी उलगडतं आणि आवळतंही, एव्ही१ ही नवी पद्धत उलगडतं. घरात एकाच वेळी दोन-तीन जणांसाठी ट्रान्सकोडिंग लागलं तरी तो दमत नाही, आणि चांगली पेटी रिकामी असताना ६ ते १० वॅटवर राहते. उणिवाही आहेत. मेमरीचा एकच चॅनल, इंटेलच्या म्हणण्याप्रमाणे कमाल १६ जीबी, आणि बहुतेक पेट्यांत जास्तीच्या डिस्कसाठी जागा नाही. शिवाय स्वस्त पेट्यांमधला इवलासा पंखा. तो कमी वेगातही बारीक किणकिण करतो आणि रात्री नेमका तोच आवाज कानाला टोचतो. बिनपंख्याची, जाड अॅल्युमिनियमची केस मिळत असेल तर तीच घ्या. पंखा असलाच तर बायोसमध्ये वीजमर्यादा खाली आणता येते का ते पाहा. काही उत्पादक ६ वॅटच्या चिपला त्याहून बरीच जास्त मोकळीक देऊन ठेवतात.

ऑफिसातून निघालेले मिनी पीसी, म्हणजे डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी, मला मनापासून आवडतात. बांधणी मजबूत, सुटे भाग मिळतात, मेमरीचे दोन स्लॉट, आणि बहुतेकांत एक एम.२ व एक अडीच इंची डिस्क बसते. आय५-८५००टी सारख्या चिपला सहा कोअर आहेत, म्हणून सिनेमांखेरीज फोटोंचा साठा, बॅकअप, आणखी चार सेवा चालवायच्या असतील तर तो एन१०० पेक्षा सरस. ३५ वॅट टीडीपी वाचून घाबरू नका, रिकामा असताना तोही साधारण १० वॅटच्या आगेमागे असतो. इथे इंटेलच्या चिपची पिढी मात्र नीट बघून घ्या. सहाव्या पिढीला १० बिट एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये पूर्ण जमत नाही, म्हणून सातवीच्या खाली जाऊ नका. एव्ही१ हवं असेल तर अकराव्या पिढीपासून पुढे.

तयार नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, घेणाऱ्याला डिस्क सांभाळण्याची उत्तम सोय मिळते, पण आतली चिप तपासा. सिनॉलॉजीच्या डीएस९२०+ मध्ये क्विक सिंक असलेला सेलेरॉन होता. त्याच मालिकेतल्या नंतरच्या डीएस९२३+ मध्ये ग्राफिक्सच नसलेला रायझन आला. नुसतं नाव पाहून घेतलं तर ट्रान्सकोडिंग हातचं जातं. स्वतः जुळवणी करावी ती चार किंवा जास्त डिस्क असतील तरच. आणि तेव्हा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घेऊ नका: यंत्र रिकामं आणि डिस्क थांबलेल्या असतानाचा १५ वॅटचा भार म्हणजे त्याच्या क्षमतेच्या ३ टक्क्यांहून कमी, तर ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या बहुतेक दर्जांची चाचणी २० टक्क्यांपासून सुरू होते. त्या खालची कार्यक्षमता किती, ते लेबलवर कुठेच नसतं.

आता आवाज. प्रोसेसर थंड झाला की उरते ती डिस्क. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहण्यासाठी ४ ते ८ वॅट घेते, म्हणजे एका एन१०० पेटीएवढी वीज. अडीच इंची १ वॅटच्या आसपास. चार जुन्या छोट्या डिस्कपेक्षा एक मोठी केव्हाही बरी, मात्र बॅकअप वेगळा ठेवून. तिचा कटकट आवाज हवेतून कमी आणि लाकडी कपाटातून जास्त येतो; खाली जाड रबर किंवा फोम घातला की फरक लगेच कळतो. ऑपरेटिंग सिस्टीम, जेलीफिन या मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरचा डेटाबेस आणि पोस्टर एसएसडीवर ठेवा. मग यादी चाळताना मोठी डिस्क जागी होत नाही, सिनेमा लावल्यावरच फिरते.

हॉल फार छोटा नसेल तर मी सर्व्हर आणि टीव्हीजवळची पेटी वेगळी ठेवायला सांगेन. मिनी पीसींना बहुधा एचडीएमआय-सीईसी नसतं, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने कोडी चालत नाही. पायला ते येतं. एन१०० किंवा जुना मिनी पीसी राउटरजवळ, डिस्कसकट, केबलने जोडलेला. टीव्हीच्या मागे पाय, नाहीतर टीव्हीतलंच जेलीफिनचं अॅप. मध्ये साधं गिगाबिट पुरतं, कारण ४के ब्लू-रेचा कमाल बिटरेटही १५० एमबीपीएसच्या आतच आहे, २.५ गिगाबिटसाठी जास्त पैसे मोजायचे ते मोठ्या फाइली रोज इकडून तिकडे हलवणाऱ्याने.