बिनइंजिनाच्या विमानात 6 मिनिटं, त्याआधी 3 तास वारं खाल्लं

आम्ही बेळगाव टिळकवाडीचे. दहावी झालास की विमानात बसवतो म्हणून भाच्याला शब्द दिलेला, सांबरा विमानतळावरून कुठलं तरी तिकीट काढून मोकळा झालो असतो पण पठ्ठ्याला ग्लायडरच पाहिजे. मग काय, पहाटे 4 ला गाडी काढली, निपाणी कोल्हापूर करत 11 ला पुण्याकडच्या एका क्लबात. नाव लिहीत नाही कारण सुरुवातच तक्रारीनं हाय. आदल्या दिवशी फोन केलेला तर "या, चालू आहे" एवढंच, वाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. तिथं जाऊन बघतो तर वारं रनवेला आडवं, उड्डाण बंद, शेडमध्ये 6 खुर्च्या आणि 20 माणसं. 3 तास!

पण ग्लायडर बघून राग जरा उतरला. वाऱ्याकडचा पंख खाली टेकवून त्यावर जुना टायर ठेवलेला, तरी झोत आला की ते 17 मीटरचं धूड थरथरायचं आणि दोन पोरं शेपटीला धरून उभी. अशात उडवतो म्हटले असते तर मीच बसलो नसतो.

अडीचला वारं वळून समोरून यायला लागलं. भाचा 47 किलोचा, आणि ह्या एएसके-21 जातीच्या ग्लायडरला पुढच्या सीटवर निदान 70 किलो लागतंच, म्हणून शिशाची वजनं लावली. "मामा, इंजिन कुठाय की ह्याला?" इंजिन रनवेच्या त्या टोकाला, विंच म्हणजे केबल ओढायच्या यंत्रात, ते ग्लायडरला लावलेली केबल भराभर गुंडाळून घेतं आणि पतंग ताणून धरल्यासारखं ग्लायडर नाक वर करून चढतं, त्यात समोरचं वारं असलं की उंची जास्त मिळते.

माझ्या पाळीला वर खट् करून केबल सुटली आणि एकदम शांत, फक्त हवेचा सूं आवाज. समोर काचेवर लाल लोकरीचा दोरा चिकटवलेला, तो सरळ तर विमान सरळ. एवढ्या मशिनीत सगळ्यात भरवशाचं काय तर स्वेटरचा धागा! उतरताना वेग जास्त वाटला म्हणून विचारलं, तर ग्लायडर चालवणारे सर म्हणाले वाऱ्याच्या वेगाच्या निम्मा वेग वाढवूनच उतरायचं, जमिनीजवळ वारं एकदम पडतं.

जाणार असाल तर सकाळी परत फोन करा आणि "चालू आहे का" नको, "वारं आडवं आहे का" विचारा. टोपी, पाणी घरून न्या. 4 स्टार, पाचवा फोनवरच्या माणसाचा कापला.