नार्नियाचा सात पुस्तकांचा संच: दहा महिने, एकशे दहा प्रकरणं आणि एक निकामी डिंक

आधीच सांगते, गोष्टीबद्दल माझ्या तक्रारी थोड्या आहेत, डिंकाबद्दल भरपूर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सी. एस. लुईसच्या नार्निया या जादूच्या जगातल्या गोष्टींचा खोक्यातला संच ऑनलाइन मागवला. किंमत १,७४९ रुपये. कपाटातून जंगलात कसे जातात, ती चार भावंडं कोण, पांढरी चेटकीण कोण, हे सांगत बसत नाही, सिनेमा टीव्हीवर निदान तुकड्यातुकड्यांनी तरी सगळ्यांनी पाहिलाय. मी लिहितेय ते रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून, जागच्या जागी त्याचं मराठी करून झाल्यावरचं. थोरली चौथीत, धाकटा पहिलीत, दोघं मराठी शाळेत. सात पुस्तकांत मिळून ११० प्रकरणं आहेत, म्हणजे रात्रीचे सोळा रुपये पडले. वडापावच्या भावात. त्या हिशेबाने संच महाग नाही, हे मी नवऱ्याला तेव्हाच पटवलं होतं. पुढचं त्याला अजून पटवतेय.

बाराव्या दिवशी पहिलं पुस्तक मोडलं. 'मोडलं' हाच शब्द बरोबर आहे. रविवारी गोरेगावहून स्लो लोकलने दादरला आजीकडे निघालो होतो. धाकट्याने हट्टाने पुस्तक बरोबर घेतलेलं. पार्ल्याच्या पुढे त्याने एक चित्र नीट बघायला पुस्तक जरा फाकवलं आणि 'टक्' असा आवाज आला. बोरिवलीच्या उद्यानात वाळलेली शेंग पायाखाली येते ना, तस्सा. मग शेवटची वीसेक पानं पत्त्यांसारखी त्याच्या मांडीवर घसरली आणि खिडकीच्या वाऱ्याने लेडीज डब्यात फिरायला लागली. समोरच्या बाईंनी चपळाईने दोन पानं चपलेखाली दाबून वाचवली. बाकीची सांताक्रूझच्या आधीच गेली.

पाठीचा डिंक मी घरी येऊन बोटाने उचलला. अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली, पारदर्शक, स्वच्छ. एका पानाचा एक धागा तिला चिकटलेला नव्हता! ज्या डिंकाला कागद माहीतच नाही त्याला डिंक का म्हणायचं?

परत करायची मुदत दहा दिवसांची. मी बाराव्या दिवशी तक्रार केली. विक्रेत्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तीन फोटो मागितले, तीन पाठवले. पट्टीचा फोटो मागितला, तोही पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं की ही 'वापरामुळे झालेली झीज' आहे. पुस्तक वापरल्यामुळे झिजलं! मी विचारलं, मग न वापरता कसं वाचायचं, तर 'तुमच्या शंकेचं निरसन झालं का, पाचपैकी तारे द्या' असा निरोप. पुढच्या महिन्याभरात मी अकरा मेल पाठवले. पैसे गेल्याचं दुःख एवढं नव्हतं, पण बारा दिवसांत कसली झीज?

हे मोडलेलं पुस्तक खोक्यावर 'पहिलं' म्हणून होतं आणि इथे माझी दुसरी तक्रार सुरू होते. पाठीवर १ आकडा असलेलं पुस्तक म्हणजे 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. ते लिहिलं गेलं उशिरा, छापून आलं १९५५ मध्ये, म्हणजे सहावं. खरं पहिलं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', १९५०चं, आमच्या खोक्यात २ नंबरवर बसलंय. नार्नियातला काळ धरून हे आकडे टाकलेत: आधी जग कसं जन्मलं, मग बाकीचं. लुईसने १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाला पत्र लिहून या काळाच्या क्रमाला होकार दिला होता. त्या मुलाच्या आईचं मत होतं की छापून आले त्या क्रमाने वाचावं. मी दहा महिन्यांनंतर पूर्णपणे त्या आईच्या बाजूने आहे, लेखक काहीही म्हणो.

पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, मी आकड्यांवर विश्वास ठेवला. त्यामुळे आमचं काय झालं बघा. पुस्तक जिथे फाटलं तिथे डिगरी नावाच्या मुलाच्या हातात जादूचं सफरचंद आहे, घरी आई मरणपंथाला लागलीय, आणि चेटकीण त्याच्या कानाशी लागलीय की चोर ते फळ, घेऊन जा आईला. पुढचं सगळं सांताक्रूझला. धाकटा त्या रात्री जेवला नाही. थोरलीने सरळ विचारलं, "आई मेली का त्याची?" मी फोनवर कुठेतरी चार ओळी वाचून सांगितलं की बरी होते, झोपा आता. एका फाटक्या पुस्तकासाठी पुन्हा तेच पुस्तक विकत घ्यायला माझा हात धजत नव्हता, आणि विक्रेत्याशी भांडण चालू असताना तर मुळीच नाही.

मग दुसरं पुस्तक. चार भावंडांतली धाकटी लूसी कपाटात शिरते, कोट बाजूला सारते, पायाखाली बर्फ येतो, पुढे जंगलात एक दिव्याचा खांब. १९५० मध्ये हे वाचणाऱ्या पोरांना इथे केवढं नवल वाटलं असेल, जंगलाच्या मधोमध रस्त्यावरचा दिवा! आमची दोघं एका सुरात ओरडली, "चेटकिणीने फेकलेली सळई!" कारण १ नंबरच्या पुस्तकात लंडनच्या खांबाची सळई जमिनीत पडून खांब उगवतो, हे आधीच वाचलेलं. पुढे बीव्हर कुजबुजत अस्लान या सिंहाचं नाव काढतो तेव्हा त्या चौघांच्या पोटात काहीतरी होतं. आमच्याकडे काही झालं नाही. अस्लानला त्यांनी आधीच गाणं म्हणून झाडं उगवताना पाहिलेला, ओळखीचाच झालेला तो.

कपाटाचं मात्र कोडं राहिलं. हे कपाटच का, दुसरं का नाही, यावर दोघांत आठवडाभर वाद. धाकट्याने आमच्या गोदरेजच्या कपाटात शिरून आतून दार ओढून घेतलं, तो प्रसंग वेगळा. आता गंमत अशी की कपाट कुठून आलं याचं उत्तर त्या उडून गेलेल्या पानांतच होतं. म्हणजे आकडे टाकणाऱ्यांनी बिघडवलेला क्रम त्या भिकार डिंकाने निम्मा दुरुस्त केला होता. हे कळलं तेव्हा मी बाराव्या मेलचा मसुदा लिहीत होते. तो पाठवला नाही.

मराठी करतानाची मजा वेगळी. टर्किश डिलाइटला काय म्हणणार? त्या मिठाईसाठी एडमंड सख्ख्या भावंडांना विकतो. मी 'कराची हलवा' म्हटलं, कॉर्नफ्लोअरचाच तो पण, ओढला तर ताणला जाणारा. थोरली म्हणाली, "त्यासाठी?" मग सांगावं लागलं की इंग्लंडमध्ये महायुद्धापासून गोड खाऊ रेशनवर होता आणि ते रेशन १९५३ला उठलं, पुस्तक आल्यावर तीन वर्षांनी. तेव्हा तिला एडमंडची थोडी दया आली. आणि नार्नियात कायम हिवाळा असतो, पण नाताळ कधीच येत नाही, यावर धाकटा म्हणाला, कायम थंडी म्हणजे मस्तच की. मुंबईच्या पोराला आणखी काय वाटणार! मी म्हटलं, समज कायम पावसाळा आहे, पण गणपती कधीच येत नाहीत. त्याचा चेहरा पडला. चेटकीण किती वाईट आहे ते त्या एका वाक्यात कळलं.

झाडांचं प्रकरण या मालिकेत सिनेमापेक्षा फार जास्त आहे, आणि मला सगळ्यात आवडलं ते हेच. झाडं ऐकतात, काही फितूर असतात. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये ती झोपलेली आहेत आणि लूसी रात्री एकटी त्यांना जागं करायला जाते. बर्फ वितळायला लागतो ते प्रकरण मी दोनदा वाचलं. शेवटच्या पुस्तकात, 'द लास्ट बॅटल'मध्ये, सुरुवातीच्या प्रकरणांतच झाडं तोडणं येतं: झाडाची देवता धावत राजाकडे दाद मागायला येते आणि तिकडे तिचं झाड पडतं तशी इकडे ती कोसळते. थोरलीने वाचन थांबवलं. आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो, आरे आमच्या मागे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून तोड सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. ती तेव्हा तीन वर्षांची. तिला आठवत नाही, पण घरात बोललेलं ऐकलंय. "तिथेपण अशी कोणी धावत आली असेल?" मला उत्तर सुचलं नाही, पाणी प्यायला उठले.

खटकलेलंही सांगते. नार्नियाच्या दक्षिणेकडचे फेटेवाले, सावळे कॅलॉरमेनी लोक जवळपास सरसकट कपटी दाखवलेत. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधली अराविस, लग्नातून पळून येणारी, ती आहे म्हणून ते पुस्तक सहन होतं. तरी तिथे थांबून मुलांशी बोलावंच लागतं. आणि शेवटच्या पुस्तकात थोरल्या बहिणीला, सुझनला, लिपस्टिक, नायलॉन आणि पार्ट्यांच्या नादापायी नार्नियाबाहेर ठेवलंय. ज्याला बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालं त्याच पुस्तकात हे. थोरली अजून रागावलेली आहे. मी पण.

जूनमध्ये डिंकाने पुन्हा हात दाखवला. ४ आणि ६ नंबरची पुस्तकं कपाटात नुसती उभी असताना सुटी झाली. यावेळी विक्रेत्याला कळवलं नाही. दादरला एका बाइंडिंगवाल्या काकांकडे तिन्ही घेऊन गेले. त्यांनी पाठीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, पानांची पाठ खरवडलीच नाही. गुळगुळीत कागदावर डिंक काय धरणार? आत शिरायला जागा नको?" एका वाक्यात अकरा मेलचं उत्तर. मग दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवलं, कापडी पट्टी, पुठ्ठा. पुस्तकाला शंभर रुपये. आता अणुबॉम्ब पडला तरी पानं सुटणार नाहीत, पण आतला समास शिलाईत गेल्यामुळे प्रत्येक ओळीची कड बोटाने दाबून वाचावी लागते. पॉलिन बेन्सच्या रेखाचित्रांचा निम्मा घोडा शिवणीत गेलाय. तरी चालेल. शिवणाऱ्या काकांना पाच तारे.

गेलेली पानं अखेर किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर सापडली. जुनी, पिवळी 'मॅजिशियन्स नेफ्यू', पाठीवर आकडा नाही, ऐंशी सांगितले, सत्तरला दिली. माझ्यापेक्षा वयाने मोठं पुस्तक असेल, पण डिंक घट्ट. ११० पैकी राहिलेली शेवटची दोन-अडीच प्रकरणं अशी सगळ्यात शेवटी वाचून झाली. डिगरी सफरचंद चोरत नाही, मग अस्लान त्याला एक देतो, आई बरी होते. लुईसची स्वतःची आई तो दहा वर्षांचा व्हायच्या आत, १९०८ मध्ये गेली होती. ते माहीत असल्यामुळे माझा आवाज जरा हलला, मुलांनी बघितलं. फळाचा गाभा डिगरी अंगणात पुरतो, त्याचं झाड होतं. लंडनमध्ये वारा नसतानाही ते कधीकधी हलतं, कारण तेव्हा नार्नियात वारा सुटलेला असतो. पुढे वादळात झाड पडतं, आणि जळणासाठी फोडायला मन होत नाही म्हणून तो त्याचं कपाट करून घेतो.

धाकटा गादीवर उभा राहिला. दहा महिन्यांचं कोडं सुटलं होतं. खोक्यावरचा क्रम धड असता आणि डिंकही धड असता, तर ही रात्र आली असती का, मला शंका आहे. विक्रेत्याला माफ केलेलं नाही, हे वेगळं.

ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीचा गुलमोहर वाऱ्यापावसात दुचाकींवर आडवा झाला. सेक्रेटरी तुकडे करणाऱ्यांना बोलावून मोकळे झाले. शाळेतून आलेली दोघं त्या माणसांपुढे उभीच राहिली आणि मांडीएवढा जाड एक ओंडका घेऊनच वर आली. कपाट करायचंय. सुतारकाकांना दाखवला, ते म्हणाले, "गुलमोहर? याला किडा लागेल, वाकेल, काही होणार नाही याचं. आणि सुकायलाच सहा महिने." नवऱ्याने एकदा रात्री अंगठा आपटून घेतला आणि संचाची एकूण किंमत पुन्हा विचारली. दुरुस्ती आणि जुनी प्रत धरून २,११९.

ओंडका सध्या गॅलरीत, वॉशिंग मशीनला टेकवून ठेवलाय. धाकटा शाळेतून आला की आधी त्याच्यापुढे उकिडवा बसतो. काल धावत आत आला, आई, वारा नव्हता तरी हलला! मशीन तेव्हा स्पिनवर होतं. मी काही बोलले नाही.