बिनसाखरेचे सुके पेअर, नऊ महिन्यांनंतर

जानेवारीत मस्जिद बंदरच्या एका दुकानात मी सुके पेअर मागितले, तेव्हा दुकानदाराने ‘पेरू?’ असे दोनदा विचारून घेतले आणि मी ‘नासपती’ म्हटल्यावर वरच्या फळीवरून एक बरणी खाली काढली. त्यातल्या फोडी फिकट हिरव्या, चकचकीत आणि कडेला साखरेचे बारीक कण धरलेल्या होत्या. मी ‘साखर न घातलेले’ हवे असे स्पष्ट सांगितले होते आणि त्यानेही मान डोलावली होती. घरी येऊन पहिला घास घेतल्यावर मात्र हे फळ वाळवलेले नसून पाकात मुरवून मग सुकवलेले आहे, हे जिभेला लगेच कळले. माझ्या रक्तातली साखर त्याच महिन्यात काठावर आली होती आणि चारच्या चहाबरोबरची बिस्किटे बंद करण्यासाठी मी हा शोध सुरू केला होता, त्यामुळे तो पाव किलोचा पुडा शेजारच्या मुलांच्या वाट्याला गेला.

हा फरक आधी सांगण्याचे कारण असे की मुंबईच्या बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या ‘ड्राय फ्रूट’मध्ये अननस, किवी, पपई यांच्याबरोबर असा पाकवलेला मालच जास्त दिसतो. खरे वाळवलेले पेअर दिसायला सुंदर नसते. ते बहुधा उभे अर्धे कापलेले असते, मधोमध बियांच्या घराचा ठसा असतो, कडा सुरकुतलेल्या असतात आणि रंग फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत कोणताही असू शकतो. फोड दुमडली तर ती चामड्यासारखी वाकते, तुटत नाही. तीवर साखरेचे दाणे किंवा काचेसारखी पारदर्शक झाक दिसली तर समजावे की पाक आहे. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ‘पेअर’ एवढाच शब्द असावा, फार तर त्यासोबत फळाचा रंग टिकवणारे सल्फर डायऑक्साइड, ज्याचा पाकिटावरचा क्रमांक आयएनएस 220 असतो. मी त्यानंतर घेतलेली सर्व पाकिटे दक्षिण आफ्रिकेच्या फळांची होती आणि बेदाण्यांच्या जवळपास तिप्पट भावाची होती. हा भाव पहिल्यांदा खटकतो, पण त्याचा हिशोब मला पुढे मे महिन्यात स्वतःच्या हाताने समजला.

चवीबद्दल सांगायचे तर हे फळ अंजीर किंवा जर्दाळूसारखे पहिल्या घासात जिंकणारे नाही. सुरुवातीला ते जवळजवळ बेचव वाटते. चावत गेल्यावर हळूहळू मधासारखी गोडी आणि फुलांसारखा एक मंद वास येतो. सासूबाईंना मी पहिली फोड दिली तेव्हा त्या चावता चावता थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, नीट धुतलं होतंस का? कच लागतेय.” मी धुतले होते. ती कच म्हणजे वाळू नव्हे, तर पेअरच्या गरातच असणाऱ्या अश्मपेशींचे पुंजके असतात. या पेशींच्या भिंती लाकडाला कठीणपणा देणाऱ्या लिग्निनने जाड झालेल्या असतात आणि त्या गाभ्याभोवती व सालीखाली अधिक दाट असतात. फळ वाळले की पाणी जाते, गर आटतो, पण या पेशी तशाच राहतात आणि म्हणून दाताखाली अधिक जाणवतात. उत्तरेकडच्या ‘पत्थरनाख’ जातीत त्या भरपूर असतात आणि नावातच तो इशारा आहे. ज्यांना ही कच आवडत नाही, त्यांनी मधला ठशाचा भाग कात्रीने काढून टाकावा. सासूबाईंची कवळी असल्यामुळे मी त्यांच्यासाठी तसे करते आणि फोड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून देते. मला स्वतःला आता ती कच नसली तर चुकल्यासारखे होते.

‘साखर न घातलेले’ याचा अर्थ ‘साखर नसलेले’ असा नाही, हे मात्र स्वतःला वारंवार बजावावे लागते. ताज्या पेअरच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 84 ग्रॅम पाणी आणि 10 ग्रॅमच्या आसपास साखर असते. वाळवल्यावर त्याच 100 ग्रॅममध्ये साखर साधारण 62 ग्रॅम होते आणि ऊर्जा 260 कॅलरींच्या घरात जाते. तंतुमय भाग मात्र साडेसात ग्रॅमच्या आसपास असतो, जो बेदाण्यांपेक्षा बराच जास्त आहे. एक फोड, म्हणजे अर्धे पेअर, वाळल्यावर सुमारे 18 ग्रॅमची भरते, म्हणजे दोन फोडींत पाच चमचे साखरेइतकी गोडी पोटात जाते. पहिल्या महिन्यात मी ऑफिसच्या खणात अख्खे पाकीट ठेवले होते आणि काम करता करता पाच-सहा फोडी कधी संपत, हे समजतही नसे. बिस्किटे सोडून मी नेमके काय मिळवले, असा प्रश्न तेव्हा मला पडला. आता एका लहान डब्यात दोन फोडी आणि सात-आठ बदाम एवढेच बरोबर नेते. फोड बदामाबरोबर सावकाश चावली की चहा संपेपर्यंत पुरते. एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये केलेल्या तपासण्यांत माझी साखर पुन्हा मर्यादेत आली, पण मी त्याच काळात संध्याकाळी चालायला लागले आणि रात्रीचा भातही सोडला, त्यामुळे याचे श्रेय पेअरला देणे लबाडीचे ठरेल.

पोटाची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती पाकिटावर लिहिलेली नसते. पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाचा एक घटक असतो, तोच जो बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये घालतात. तो लहान आतड्यात पूर्ण शोषला जात नाही, पुढे जाऊन पाणी ओढून घेतो आणि तिथल्या जिवाणूंमुळे वायू तयार होतो. शिवाय या फळात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असते, तेही काहींना पचत नाही. माझ्या बाबतीत सहा फोडी खाल्लेल्या दिवशी चर्चगेटहून बोरिवलीपर्यंतचा गाडीतला प्रवास फार लांबला. उलट सासूबाईंची बद्धकोष्ठाची जुनी तक्रार रोज एका भिजवलेल्या फोडीने बरीच कमी झाली आणि त्यांनी इसबगोल आपणहून बाजूला ठेवले. एकाच गुणाचे हे दोन परिणाम आहेत; कोणाला काय हवे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांचे आतडे मुळातच नाजूक आहे, त्यांनी अर्ध्या फोडीपासून सुरुवात करावी.

गंधकाचा प्रश्न निराळा आहे. फिकट पिवळ्या फोडी तशा राहतात त्या सल्फर डायऑक्साइडमुळे. त्याशिवाय वाळवलेल्या फोडी कापलेल्या सफरचंदासारख्या काळवंडतात. पाकीट उघडल्याबरोबर विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो तो याचाच. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना यामुळे त्रास होऊ शकतो. माझ्या भाच्याला दमा आहे, म्हणून घरात मी तपकिरी, गंधकाशिवायच्या फोडीच आणते. चवीला त्या मला अधिक आवडतात, त्यांत हलकी कॅरॅमलसारखी झाक असते. पण त्या कमी टिकतात, आणि मुंबईत ‘कमी टिकतात’ हे शब्द जून उजाडला की फार गंभीर होतात.

पहिला पाऊस पडला तेव्हा काचेची बरणी ओट्यावर, बेदाण्यांच्या शेजारी होती. सुके फळ हवेतला ओलावा शोषून घेते आणि रोज दोन-तीनदा झाकण उघडणाऱ्या घरात बरणी नावापुरतीच बंद असते. दोन आठवड्यांत फोडी एकमेकींना चिकटल्या, मग ओलसर झाल्या आणि एके दिवशी झाकण उघडताच ताडीसारखा आंबूस वास आला. सुमारे 100 ग्रॅम माल टाकून द्यावा लागला. त्यानंतर घेतलेल्या पाकिटात पतंगाची जाळी निघाली, जी कदाचित दुकानातूनच आली असावी. आता माझा रिवाज ठरलेला आहे: पाकीट आणले की आधी चार दिवस फ्रीझरमध्ये, मग आठवड्यापुरत्या फोडी लहान डब्यात आणि उरलेल्या घट्ट बंद पिशवीत फ्रीजमध्ये. या पद्धतीने जुलै आणि ऑगस्ट काहीही न बिघडता पार पडले. किलोभर स्वस्त मिळते म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर साठा करण्याचा मोह मात्र टाळावा.

घरी वाळवण्याचा प्रयोग मी मे महिन्यात केला आणि तिथेच मला भावाचा हिशोब समजला. बाजारात आयात केलेली पेअर मिळत होती, गच्चीवर ऊन होते आणि कोकणात याच दिवसांत आंबापोळी वाळते, तर पेअर का वाळणार नाही, असा माझा विचार होता. आंबापोळीचा थर पातळ असतो आणि माझ्या फोडी अर्धा बोट जाड होत्या, हे लक्षात यायला दोन दिवस लागले. समुद्राच्या हवेत दिवसभरात जेवढे सुकत होते तेवढे रात्री पुन्हा मऊ होत होते आणि तिसऱ्या सकाळी आंबूस वास आला. दुसऱ्यांदा मी फोडी पातळ कापल्या, लिंबाच्या पाण्यात बुडवल्या आणि ओव्हनमध्ये 70 अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून, सुमारे दहा तास वाळवल्या. साल आणि गाभा काढल्यावर एका किलोचे 800 ग्रॅम राहिले होते, त्याचे शेवटी जेमतेम 170 ग्रॅम झाले. चव उत्तम होती. वीज, वेळ आणि फळ यांची किंमत धरली तर पाकीट मुळीच महाग नाही, हे मान्य करून मी तो उद्योग थांबवला.

आता स्वयंपाकाबद्दल, कारण माझ्या मते या फळाची खरी जागा चहाच्या डब्यापेक्षा पातेल्यात आहे. नुसते खाताना जी मवाळ चव कमीपणाची वाटते, तीच आंबट, तिखट आणि मसाल्याच्या संगतीत कामाला येते. सर्वांत चांगले जमले ते पंचामृत. मेथी-हिंगाच्या फोडणीत हिरव्या मिरच्या, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप परतल्यावर मी बेदाण्यांऐवजी चार फोडींचे बारीक तुकडे घातले, मग चिंचेचा कोळ, तिळाचा कूट आणि नेहमीच्या अर्धाच गूळ. तुकडे कोळ पिऊन फुगले, कच नाहीशी झाली आणि बेदाण्यांचा जो चटका बसणारा गोडवा असतो तो आला नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले, यापेक्षा मोठी पावती आमच्या घरात नसते.

खिरीत मात्र फजिती झाली. उकळत्या दुधात तुकडे घालून शिजवल्यावर दूध फाटले, कारण वाळताना फळातला आंबटपणाही एकवटतो. आता तुकडे वेगळे भिजवते आणि खीर खाली उतरवून कोमट झाल्यावर घालते. शेवयांच्या खिरीत ते छान लागतात, तांदळाच्या खिरीत हरवून जातात. भिजवलेले पाणी टाकत नाही. त्यात कणीक मळून केलेल्या दशम्या गूळ न घालताही पुरेशा गोड होतात.

ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात वाळलेल्या पेअरचा एक गडद, मसालेदार पाव नाताळाच्या दिवसांत करतात आणि स्वित्झर्लंडमध्येही त्याचा भाऊबंद आहे. साखर महाग असलेल्या काळात डोंगराळ भागातल्या घरांना स्वतःच्या झाडाचे वाळवलेले फळ हीच गोडी होती. त्या पावाला लागणारे राय या धान्याचे पीठ माझ्याकडे नव्हते आणि तेवढा पाव कोण खाणार, म्हणून मी त्यातली दालचिनी, लवंग आणि बडीशेप तेवढी उचलली आणि भोपळ्याच्या घारग्यांत गुळाच्या जागी भिजवून वाटलेले पेअर घातले. चव अप्रतिम आली, पण घारगे तेलात पडताच काळपट होऊ लागले, कारण फळातली फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा कमी उष्णतेला तांबूस होते. आच मंद ठेवल्यावर दुसरा घाणा नीट उतरला.

गणपतीत मी उकडीच्या मोदकाच्या सारणात थोडे पेअर घालण्याचा विषय काढला होता. सासूबाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि विषय संपला. त्यांचे बरोबरच होते. ओला नारळ आणि गूळ यांच्यामध्ये तिसऱ्याचे काम नाही.

सर्वांत जास्त वेळा होणारा पदार्थ म्हणजे चटणी. 100 ग्रॅम फोडी भिजवून बारीक चिरायच्या, त्यात आले, लाल तिखट, कांद्याचे बी, मीठ आणि पाव वाटी व्हिनेगर घालून मंद आचेवर तुकडे दबेपर्यंत शिजवायचे. साखर अजिबात लागत नाही. फ्रीजमध्ये ती तीन आठवडे टिकते, थालीपिठाबरोबर लोण्याची उणीव भासू देत नाही आणि पाकिटाच्या तळाशी उरलेल्या कडक, वाकड्या, सासूबाईंनी नाकारलेल्या सगळ्या फोडी तिच्यात खपतात. सध्या फ्रीजमध्ये तिची अर्धी बरणी आणि सुक्या पेअरचे शेवटचे पाकीट आहे. ते उघडायचे ठरले आहे दिवाळीनंतर, फराळाचे डबे रिकामे झाल्यावर.