स्किपोलचे घड्याळ: दर मिनिटाला पुसला जाणारा काटा

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरील लाउंज २ मध्ये डच डिझायनर मार्टेन बास यांचे एक घड्याळ २०१६ पासून टांगलेले आहे. त्याच्या धूसर तबकडीमागे निळ्या पोशाखातला एक कामगार उभा दिसतो. तो पिवळ्या फडक्याने मिनिटकाटा पुसून काढतो, थोडा पुढे सरकवून नवा रंगवतो, मिनिट सरले की तोही पुसतो. प्रत्यक्षात आत कोणीही नाही. हे बारा तासांचे सलग चित्रीकरण आहे आणि ते दिवसातून दोनदा, खऱ्या वेळेशी जुळवून दाखवले जाते. तरीही घड्याळाला लावलेले छोटे दार आणि शिडी पाहून कामगार तिथूनच आत चढला असावा, असे क्षणभर वाटतेच.

पुनरावृत्तीवरच्या व्हिडिओ मांडणशिल्पांची एक अडचण असते: कलादालनात आलेला प्रेक्षक दोन-चार आवर्तने पाहतो, कल्पना समजली की पुढच्या खोलीत जातो, आणि कलाकाराचे तासन्‌तासांचे कष्ट भिंतीवरच्या माहितीफलकापुरते उरतात. इथे ती अडचण उद्भवत नाही, कारण समोरचा माणूस कला पाहायला आलेलाच नसतो. त्याला विमान सुटायला किती अवकाश आहे तेवढेच हवे असते, आणि ते जाणून घेण्यासाठी त्याला या कामगाराच्या हाताकडेच पाहावे लागते. पुनरावृत्तीला उपयोग मिळाला की ती कंटाळवाणी राहत नाही, हे इतक्या सहजपणे पटवणारी दुसरी कलाकृती मला आठवत नाही.

तैवानी-अमेरिकन कलाकार तेचिंग श्ये यांनी १९८०-८१ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या स्टुडिओत वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला हजेरीचे कार्ड छापले आणि प्रत्येक वेळी फिल्मची एकच चौकट टिपली. त्यातून तयार झालेल्या जेमतेम सहा मिनिटांच्या चित्रफितीत आरंभी मुंडण केलेल्या डोक्यावरचे केस खांद्यापर्यंत वाढत जातात. तिथे वर्ष मुठीत मावते, इथे मिनिट त्याच्या पूर्ण लांबीनिशी सोसावे लागते. श्ये यांचे शरीर मात्र काळाची किंमत चुकवताना दिसते. स्किपोलचा कामगार बारा तासांनी पुन्हा तितकाच ताजातवाना हजर होतो, आणि ही मला या घड्याळाची खरी उणीव वाटते.

बास यांच्याच २००९ च्या ‘स्वीपर्स क्लॉक’मध्ये दोन माणसे झाडूने कचऱ्याच्या दोन लांब रांगा ढकलत काटे फिरवतात. तिथे श्रम उघडे पडतात, कचरा विखुरतो, काट्याची कड वाकडी होते. विमानतळावरची आवृत्ती त्यामानाने फारच नीटनेटकी आहे. शिवाय तबकडीच्या धूसरपणामुळे चेहरा कधीच स्पष्ट होत नाही. रंगवलेल्या काट्यावरून नेमके मिनिट वाचणेही सोपे नाही, त्यामुळे ज्याचे विमान सुटायच्या बेतात आहे त्याने वेळापत्रकाच्या फलकाकडेच पाहावे. ज्याच्याकडे तासभर मोकळा आहे, त्याने मात्र समोरची खुर्ची धरावी आणि निदान पाच काटे पुसले जाईपर्यंत उठू नये.